सतराव्या कलमापासून सुरुवात करा

(अमरावती व अकोला जिल्ह्यांतील तरुण कार्यकर्त्यांच्या अमरावतीच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललं तसंच ठेवलं आहे.)



तुमचा ठराव मी वाचला. ठराव म्हणतो की आजच्या बैठकीत दलितांची स्वतःची राष्ट्रीय मानवी हक्क संघटना स्थापन झाल्याचं जाहीर करावं, मुख्यालय दिल्लीला ठेवावं आणि अध्यक्षपदासाठी एखाद्या निवृत्त न्यायमूर्तींना विनंती करावी. सोबत लेटरहेडचा नमुना जोडलाय. निळ्या रंगात आहे, वर चाक आहे, खाली फोन नंबरची जागा मोकळी सोडली आहे. नमुना झकास आहे, मी त्याला हसत नाही. ज्यांच्या सात पिढ्यांकडे स्वतःच्या नावाचा कागद नव्हता, त्यांना लेटरहेडचं वेड लागलं तर त्यात हसण्यासारखं काय आहे?

पण ठरावावर हात वर करण्याआधी मला एक हिशेब मांडू द्या. या देशात हक्कांच्या राष्ट्रीय संघटना याआधी निघाल्या आहेत. कोणी काढल्या, कधी काढल्या, कोणाच्या पोटात दुखलं म्हणून काढल्या, आणि त्या काढल्या जात होत्या तेव्हा आमचं अकोला कुठं होतं, हे बघू. मग हात वर करा नाही तर खाली ठेवा.

१९३६ चा ऑगस्ट महिना. मुंबई. पंडित नेहरूंच्या पुढाकाराने इंडियन सिव्हिल लिबर्टीज युनियन स्थापन झाली. मानद अध्यक्ष रवींद्रनाथ टागोर, कार्याध्यक्ष सरोजिनी नायडू. याच्यापेक्षा मोठी नावं त्या काळात मिळाली नसती. ब्रिटिश सरकार माणसं तुरुंगात घालतं, वर्तमानपत्रं बंद करतं, याच्याविरुद्ध ती उभी होती आणि ते बरोबरच होतं. आता त्याच महिन्यात त्याच मुंबईत दुसरं काय घडलं? बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. एकाच शहरात, एकाच महिन्यात दोन दारं उघडली. एका दारावर लिहिलं होतं नागरी स्वातंत्र्य. दुसऱ्या दारातून गिरणी कामगार, खोताचं कूळ आणि महार आत येत होता. या दोन दारांच्या मधली भिंत कोणी पाडली नाही. पुढची नव्वद वर्षं आपण तिलाच डोकं आपटतोय.

आता आपल्या मुलखात या.

१९२७ च्या नोव्हेंबरात याच अमरावतीत बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद झाली. मार्चात महाडचं तळं झालं होतं, डिसेंबरात मनुस्मृती जळायची होती, आणि मधोमध अमरावती. प्रश्न अंबादेवीच्या देवळाचा होता. पंजाबराव देशमुख त्या लढ्यात आपल्या बाजूने उभे राहिले, हेही नोंदवून ठेवा, कारण मराठा-कुणबी म्हटलं की आपले काही पोट्टे सगळ्यांना एकाच काठीनं हाकतात. त्या परिषदेत देव मागायला कोणी गेलं नव्हतं. देवळाच्या पायरीवर माणूस म्हणून उभं राहायचा हक्क मागत होते. मानवी हक्क हा शब्द युनोने १९४८ साली जाहीरनाम्यात छापला. वऱ्हाडातल्या माणसानं तो एकवीस वर्षं आधी अंबादेवीच्या दारात मागितला होता.

पुढं १९७४. अकोला जिल्हा, गाव धाकली.

तुमच्यातल्या किती जणांना धाकली माहीत आहे? हात वर करा. बघा. लेटरहेडवर बावीस जणांची नावं आणि हात वर झाले पाच.

धाकलीत गवई बंधूंचे डोळे काढले. मारलं, झोडलं नाही म्हणत मी. डोळे काढले. घरातल्या पोरीच्या अब्रूचा जाब त्यांनी गावातल्या बड्या घराला विचारला होता. विचारणाऱ्याचे डोळे गेले. मी तेव्हा शाळेत होतो, आणि आमच्या वस्तीत संध्याकाळी दिवा लावल्यावर म्हातारी माणसं त्याच्याविषयी हळू आवाजात बोलायची. जोरात बोलायची नाहीत. आमच्या आईनं मला दोन-तीन महिने पाटलाच्या गल्लीतून जाऊ दिलं नाही. गुन्हा धाकलीत झाला आणि संचारबंदी आमच्या घरात लागली. अत्याचार असाच चालतो. डोळे दोघांचे जातात आणि मान सगळ्या तालुक्याची खाली जाते.

त्या वेळी दलित पँथर दोन वर्षांची होती. पँथरची पोरं त्या भावांना घेऊन थेट पंतप्रधान इंदिरा गांधींपुढे उभी राहिली. मुंबईच्या झोपडपट्टीत राहणाऱ्या, खिशात चहाचे पैसे नसलेल्या पोरांनी अकोल्याच्या खेड्यातला गुन्हा देशाच्या पंतप्रधानापुढे नेऊन ठेवला. लेटरहेड नव्हतं. कार्यालय नव्हतं. मानवी हक्क संघटना म्हणून कुठल्याही रजिस्ट्रारकडे नोंद नव्हती. मला विचाराल तर या देशात मानवी हक्कांचं राष्ट्रीय काम त्या दिवशी झालं, फक्त त्याला तसं कोणी म्हटलं नाही.

धाकलीनंतर जेमतेम नऊ महिन्यांत आणीबाणी आली. २५ जून १९७५. आता मात्र मध्यमवर्गाला कळलं की रात्री दार ठोठावणं म्हणजे काय. संपादक आत, प्राध्यापक आत, संघवाले आत, समाजवादी आत. १९७६ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक असा निकाल दिला की आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्ध दाद मागायला कोर्टाचं दार बंद. एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात गेले. आणि ऑक्टोबर १९७६ मध्ये दिल्लीत, आणीबाणी चालू असताना, जयप्रकाश नारायण यांच्या प्रेरणेनं एक संघटना निघाली. आज तिला आपण पीयूसीएल म्हणतो, पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज. तेव्हा नावात डेमोक्रॅटिक राइट्सही होतं. आचार्य कृपलानींनी उद्घाटन केलं, सरचिटणीस कृष्णकांत, आणि धुरा एका मराठी माणसाकडे आली. विठ्ठल महादेव तारकुंडे.

या माणसाविषयी जरा थांबून बोलतो. आपल्या मासिकांत त्याच्यावर कोणी लिहीत नाही आणि त्याच्या जातवाल्यांच्या मासिकांतही कोणी लिहीत नाही. गाव सासवड, जन्म १९०९, ब्राह्मणाच्या घरचा. लंडनहून बॅरिस्टर होऊन आला आणि पुण्याकडे शेतकऱ्यांत काम करू लागला. मानवेंद्रनाथ रॉय यांच्या रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षाचा सरचिटणीस झाला. १९५७ ते १९६९ मुंबई हायकोर्टाचा न्यायमूर्ती. मग दिल्लीला सुप्रीम कोर्टात वकिली. ज्या वयात असली माणसं क्लबात जाऊन पत्ते कुटतात, त्या वयात हा माणूस आणीबाणीच्या तोंडावर उभा राहिला. आणीबाणी उठल्यावर, आता आपलं सरकार आलं म्हणून झोपला नाही. आंध्रात नक्षलवादी म्हणून पकडलेल्या पोरांना चकमकीच्या नावाखाली गोळ्या घातल्या होत्या, त्याची चौकशी करणाऱ्या समितीचा तो अध्यक्ष झाला. तारकुंडे स्वतः नक्षलवादी नव्हते, हिंसेच्या विरोधात होते. तरीही ते म्हणाले की पकडलेल्या माणसाला मारायचा अधिकार सरकारला नाही. शत्रूचाही हक्क असतो, एवढी एक गोष्ट या माणसाकडून आपण घ्यायची. ती घ्यायला जीव जातो. त्याच्याकडे मी पुढं येतो.

पण आधी भांडण करू. कारण माझं तारकुंड्यांशी नसलं तरी त्यांच्या संघटनेच्या जन्माशी भांडण आहे.

संविधान उघडा. कलम १९: भाषण, सभा, संघटना यांचं स्वातंत्र्य. २१: जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य. २२: अटकेपासून संरक्षण. नागरी हक्कांची आपल्याकडची चळवळ इथून वाचायला सुरुवात करते. तिच्या मते हक्क मोडणारा म्हणजे सरकार, पोलीस, तुरुंग. पण बाबासाहेबांनी त्याच्या आधी १७ ठेवलंय. अस्पृश्यता नष्ट. आणि त्याच्याही आधी १५ मध्ये विहीर, तलाव, दुकान, हॉटेल, रस्ता यांची नावं घेऊन लिहिलंय. ही कलमं नुसती सरकारला बांधत नाहीत. गावाला बांधतात. पाटलाला बांधतात, हॉटेलवाल्याला बांधतात, देवळाच्या पंचांना बांधतात. जगातल्या किती संविधानांनी शेजाऱ्यालाच असा दम दिलाय? आमच्या हक्काचा खुनी बहुतेक वेळा खाकीत नसतो, तो धोतरात असतो, आता जीन्समध्ये असतो, हे ज्याला ठाऊक होतं त्या माणसानं ते लिहिलंय.

आणि आणखी एक गंमत पाहा. गंमत म्हणतो, रडू येतं. आणीबाणीत कलम १९ गुंडाळलं. १४, २१, २२ साठी कोर्टात जायला बंदी घातली. कलम १७ ला कोणी हात लावला नाही. गरजच नव्हती! धाकलीत ते कधी लागूच झालं नव्हतं. देशाची आणीबाणी एकवीस महिने चालली. आमची कधी जाहीर झाली नाही, म्हणून कधी उठलीही नाही.

आता हा शब्दाचा खेळ पाहा. १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा होता, त्याचं नाव बदलून नागरी हक्क संरक्षण कायदा केलं आणि ते अमलात आलं १९ नोव्हेंबर १९७६ ला. दिल्लीत नागरी स्वातंत्र्याची संघटना निघाली ऑक्टोबरात, आणि सरकारनं दलितांसाठीच्या कायद्यावर नागरी हक्क ही पाटी लावली नोव्हेंबरात. एका महिन्याचं अंतर. दोन्ही ठिकाणी शब्द जवळपास तोच. पण या नागरिकाची आणि त्या नागरिकाची गाठ पडली नाही. संघटनेतली वकील, प्राध्यापक, पत्रकार मंडळी वाईट नव्हती हो. जीव धोक्यात घालून उभी होती. पण त्यांनी ज्या दारातून अन्याय घरात येताना पाहिला, ते दार पुढचं होतं. आमच्याकडे तो परसातून येतो, बांधावरून येतो, हातपंपावरून येतो.

१९७७ ला जनता सरकार आलं आणि ही राष्ट्रीय संघटना जवळजवळ झोपी गेली. का? माणसं सत्तेत गेली, सत्तेच्या जवळ गेली, आता आपलंच राज्य आहे म्हणाली. १९८० साली इंदिरा गांधी परत निवडून आल्यावर नोव्हेंबरात पुन्हा परिषद भरवून तिला उभं करावं लागलं. जेपी तोवर गेले होते. पुन्हा अध्यक्ष तारकुंडेच. दिल्लीची शाखा पुढं वेगळी झाली, पीयूडीआर म्हणून. मुंबईत लोकशाही हक्क संरक्षण समिती निघाली होती, सीपीडीआर. फाटाफूट ही काही आपल्याच रिपब्लिकन पक्षाची मक्तेदारी नाही, एवढं समाधान माना.

अकोल्याच्या मंडळींनी यातून एक गोष्ट कानात बांधून घ्या. अकोला पॅटर्नचा आपल्याला अभिमान आहे. बाळासाहेब १९९८ आणि १९९९ ला अकोल्यातून लोकसभेत गेले, जिल्हा परिषदेत आपली माणसं खुर्चीवर बसली. छान झालं, अजून व्हावं. पण खुर्चीवर आपला माणूस बसला की हक्काची संघटना आणखी गरजेची होते. आपल्या अध्यक्षालाही कागद विचारणारं कोणी तरी बाहेर पाहिजे. जे त्याच्या गाडीत बसतात त्यांना ते जमत नाही.

अध्यक्ष म्हणून न्यायमूर्ती हवेत, असं तुम्ही लिहिलंय. खुर्चीवर कोण बसतं याने काय होतं आणि काय होत नाही, तेही बघा. १९९३ साली सरकारनं कायदा करून राष्ट्रीय मानवी हक्क आयोग नेमला. पहिले अध्यक्ष न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र. अध्यक्ष सुरुवातीला माजी सरन्यायाधीशच असावा, असा नियम होता. २०१० ते २०१५ तिथं न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन होते, देशाचे पहिले दलित सरन्यायाधीश. आपला माणूस शिखरावर. पण त्याच कायद्याचं कलम ३६ म्हणतं की घटनेला एक वर्ष उलटलं की आयोग चौकशी करू शकत नाही. आणि चौकशी केली तरी शेवटी करायची ती शिफारस. ज्या माणसाची फिर्यादच आठ महिने ठाण्यात लोळते, त्याला एक वर्ष म्हणजे किती? दात कायद्यात नसतील तर अध्यक्षाच्या जातीने ते उगवत नाहीत.

या शहरातले भूषण गवई मे २०२५ मध्ये सरन्यायाधीश झाले. त्या दिवशी माझ्याही घरी पेढे आले. ऑक्टोबरात त्यांच्याच कोर्टात, भर कामकाजात, एका वकिलाने त्यांच्याकडे बूट फेकण्याचा प्रयत्न केला. सरन्यायाधीशाची खुर्ची ज्याला थांबवू शकली नाही, त्याला तुमचं लेटरहेड थांबवेल का?

दलित हक्कांचं राष्ट्रीय काम म्हणून झालं नाही असं नाही. १९९८ साली नॅशनल कॅम्पेन ऑन दलित ह्युमन राइट्स निघाली. गुजरातचे मार्टिन मॅकवान, आंध्रचे पॉल दिवाकर, बंगळूरच्या रूथ मनोरमा. २००१ ला डर्बनला वंशवादविरोधी जागतिक परिषद होती, तिथं त्यांनी जातीचा प्रश्न नेला. भारत सरकार म्हणालं, जात म्हणजे वंश नव्हे, हा आमचा घरचा मामला. घरचा मामला! पाटीलही ठाण्यात हेच म्हणतो. या लोकांनी एक भिंत तोडली, हे मान्य करायलाच पाहिजे. आमच्यातले काही जण त्यांना परदेशी पैशाचे म्हणून हिणवतात. पैशाचा प्रश्न खरा आहे, पण तो हिणवून सुटत नाही.

पैशावरून आठवलं. पीयूसीएलचा एक नियम मला मनापासून आवडतो. देशी असो की विदेशी, कुठल्याही फंडिंग एजन्सीचा पैसा घ्यायचा नाही. सभासदांच्या वर्गणीवर चालायचं. त्यामुळे ती गरीब राहिली, कामं रखडली, पण गळ्यात पट्टा पडला नाही. त्याच गरीब संघटनेच्या राजस्थान शाखेतून २००१ साली सुप्रीम कोर्टात अन्नाच्या हक्काची याचिका गेली. गोदामात धान्य सडतंय आणि माणसं उपाशी मरताहेत, एवढंच म्हणणं. नोव्हेंबर २००१ मध्ये कोर्टानं सांगितलं, शाळेत शिजवलेलं अन्न द्या. तुमच्यातल्या निम्म्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी खाल्ली असेल. ती खिचडी आणि ही याचिका यांचं नातं कोणी सांगितलं होतं तुम्हाला? वर्गणीवर चाललेल्या संघटनेची ताकद ही अशी असते.

आता ते अवघड.

२९ सप्टेंबर २००६, खैरलांजी. भोतमांगे कुटुंबातले चौघं. मी तपशिलात जात नाही, तुम्हाला पाठ आहे. नोव्हेंबरात विदर्भ पेटला आणि याच अमरावतीत पोलिसांच्या गोळीबारात आपला एक तरुण गेला. त्या मोर्चात होतो मी. आमची सगळ्यांची मागणी काय होती? फाशी द्या. घसा फाटेपर्यंत ओरडलो. २००८ ला भंडाऱ्याच्या कोर्टानं सहा जणांना फाशी सुनावली आणि काही वस्त्यांत फटाके फुटले. २०१० ला हायकोर्टानं ती पंचवीस वर्षांच्या कैदेवर आणली आणि आपण म्हणालो, अन्याय झाला.

मित्रहो, मानवी हक्क संघटना काढायची असेल तर हा प्रश्न आज या खोलीत मिटवा. ती फाशी मागू शकते का? तारकुंड्यांचं ऐकायचं नसेल तर बाबासाहेबांचं ऐका. जून १९४९ मध्ये घटना समितीत सुप्रीम कोर्टाच्या अपिलांची चर्चा चालली होती, तेव्हा ते उभे राहून म्हणाले होते की त्यापेक्षा देहदंडच रद्द करण्याला मी पाठिंबा देईन. खैरलांजीत आपण जे गमावलं ते फाशीत गमावलं नाही. दोन्ही कोर्टांनी अॅट्रॉसिटीचा कायदा लावला नाही, तिथं गमावलं. चौघांना ज्या कारणासाठी मारलं ते कारणच निकालातून पुसलं गेलं. मोर्चाच्या घोषणेत आपण दोराचा हिशेब केला आणि जातीचा हिशेब सुटला. कोणी म्हणेल, काका, ही माणसं आमच्या बायाबापड्यांना मारतात आणि तुम्ही त्यांचा जीव वाचवायला निघालात? हो बावा, निघालो. कारण फाशीचा खड्डा एकदा खणला की त्यात पहिला कोण ढकलला जातो ते मला माहीत आहे.

आणि हे माहीत असलेला एक वऱ्हाडी माणूस आपल्यात आहे. यवतमाळ जिल्ह्यात वणीजवळच्या राजूरचा, मजुरांच्या वस्तीतून निघून इंजिनिअर झालेला, मोठ्या कंपन्यांत वरच्या हुद्द्यावर गेलेला आनंद तेलतुंबडे. खैरलांजीवर पुस्तक लिहिलं. आणि त्या सीपीडीआरचा सरचिटणीस झाला, जी एकेकाळी मुंबईच्या शिकल्या-सवरल्या सवर्णांची म्हणून ओळखली जायची. सासवडच्या न्यायमूर्तीपासून राजूरच्या पोरापर्यंत हक्काची चळवळ यायला एवढा काळ लागला. आणि आली तेव्हा काय झालं? एल्गार परिषदेच्या खटल्यात १४ एप्रिल २०२० ला, भीमजयंतीच्या दिवशी, त्यांना शरण जावं लागलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये हायकोर्टानं जामीन दिला, तोवर अडीच वर्षं गेली. नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग त्यांच्या आधीच, जून २०१८ मध्ये आत गेले होते. पीयूसीएलच्या सुधा भारद्वाज आत गेल्या. म्हातारे स्टॅन स्वामी २०२१ च्या जुलैत कैदेतच वारले. नेतृत्व आपल्याकडे आलं की त्याची किंमतही वाढते. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं, त्यात संघटनेलाच बेकायदा ठरवायची सोय आहे. ठरावाखाली सही करणाऱ्यांनी हे वाचून सही करा. भीती घालत नाही. माहीत असून केलेली सही आणि न वाचता केलेली सही यांत फरक असतो.

मग करायचं काय? माझं ऐकाल तर ठरावातलं राष्ट्रीय हे विशेषण तूर्त खोडा. दिल्ली खोडा. न्यायमूर्ती सल्ल्याला ठेवा, अध्यक्षाला नको. आणि एक वही घाला.

वही कशासाठी, सांगतो. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या ठाण्यात एका बाईसोबत गेलो होतो. हातपंपावरून मारलं होतं तिला, जात काढून. ठाणे अंमलदार म्हणाला, "काहून वो बाई, पान्यासाठी अट्रासिटी लावता का? जा, घरी जा. एन. सी. घेतो." ती म्हणाली, "साहेब, माहं ऐकून तं घ्या." नाही घेतलं. मग जातीचा दाखला आणा. मग साहेब बंदोबस्तात आहेत. सहाव्या दिवशी फिर्याद लिहिली तेव्हा सूज उतरली होती, आणि पुढं बचावाचा वकील एकच प्रश्न विचारत राहिला: सहा दिवस का गप्प होतात? ती गप्प नव्हती. ती रोज जात होती. पण ती रोज गेली हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. ठाण्याच्या डायरीत ते ठाण्याचा माणूस कशाला लिहील? ते आपण लिहायला पाहिजे होतं. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोण बसलं होतं, काय म्हणालं. असं लिहिणारं माणूस प्रत्येक तालुक्यात असणं, याला मी मानवी हक्क संघटना म्हणतो.

कायदा आता तेवढा लुळा नाही. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. २०१८ च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टानं त्याचे दात काढायला घेतले, २ एप्रिलला देश रस्त्यावर आला आणि संसदेला १८-अ कलम घालावं लागलं: गुन्हा नोंदवायला आधी प्राथमिक चौकशी नको. कर्तव्य टाळणाऱ्या सरकारी नोकराला कलम ४ खाली शिक्षा आहे. नियम सांगतात की फिर्याद लिहून, वाचून दाखवून, प्रत फुकट द्यायची. तपास डीवायएसपीच्या दर्जाचाच अधिकारी करणार. आणि प्रत्येक जिल्ह्यात कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली दक्षता समिती आहे, तिची तीन महिन्यांतून एकदा बैठक व्हायलाच पाहिजे. अमरावतीची समिती मागच्या दोन वर्षांत किती वेळा बसली? अकोल्याची? इतिवृत्त कोणी मागितलंय का? माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज आहे. लेटरहेडच्या छपाईपेक्षा स्वस्त.

एक शेवटचं भांडण, मग बसतो. तुमच्या बावीस नावांत बायांची नावं तीन, आणि ती तिन्ही "सहसचिव" या रकान्यात. हातपंपावर जाणारं कोण? शेतावर एकटी सापडणारं कोण? धाकलीत आणि खैरलांजीत सुरुवात कोणाच्या अब्रूपासून झाली? मग वही कोणाच्या हातात पाहिजे? सवर्णांच्या संघटनेनं दलिताला सभासद केलं आणि अध्यक्ष केलं नाही म्हणून आपण इतकी वर्षं ओरडलो. तेच आपण आपल्या घरात करतोय, आणि वर निळं चाक छापतोय.

माझी दुरुस्ती सूचना अशी आहे. संघटना स्थापन करा, पण दोन जिल्ह्यांची. वर्गणी महिना वीस रुपये, बाहेरचा पैसा नाही. पदाधिकाऱ्यांत निम्म्या बाया, आणि वही सांभाळणारी बाईच. पक्षाचं तिकीट घेतलं की त्या दिवशी पद सोडायचं. आपल्या जातीच्या माणसाने मातंगावर, भटक्यावर, मुसलमानावर हात टाकला तर त्याचीही नोंद याच वहीत, त्याच शाईनं. हे शेवटचं ज्याला मान्य नसेल त्यानं आताच सांगावं. दिल्लीचं पुढच्या वर्षी बघू. पहिली बैठक येत्या रविवारी मूर्तिजापूरला ठेवा, दोन्ही जिल्ह्यांना सोयीचं पडतं. येताना प्रत्येकानं आपापल्या तालुक्यातल्या ठाण्यात या वर्षी अॅट्रॉसिटीचे किती गुन्हे नोंदले, हा आकडा आणायचा. आकडा दिला नाही, तर तो कोणी दिला नाही, त्याचं नाव, हुद्दा आणि वेळ.